तीन विजेतेपदांचा खांब

मित्रांनो, मी एक जुना ध्वजस्तंभ आहे. साठ फूट उंच, पोलादाचा. ऑर्डवे शहराच्या बेसबॉल मैदानात मी उभा आहे. मैदानाच्या कडेला नव्हे, अगदी आत, जिथे खेळाडू धावतात त्या गवतात. आता तिथे कोणी धावत नाही. गवतही फारसे उरलेले नाही. ज्या संघाचे झेंडे मी वागवले तो हॅमर्स संघ हे शहर सोडून गेला, त्यालाही कितीतरी वर्षे झाली. जाताना त्यांनी बाकीचे सगळे नेले. मला कोणी नेले नाही.

माझा जन्म १९११ साली याच शहरात, नदीकाठच्या पोलाद कारखान्यात झाला. ऑर्डवेत तेव्हा भट्ट्या कधी विझत नसत. सकाळी वाळत घातलेले कपडे संध्याकाळी करडे होऊन निघत. पोलंड, स्लोव्हाकिया, आयर्लंड अशा कुठून कुठून आलेल्या माणसांचे ते शहर होते. ही माणसे सहा दिवस भट्टीपुढे राबत आणि रविवारी चर्चमधून थेट बेसबॉल पाहायला जात. बिअरचे कारखानदार ऑटो विंकलर यांनी त्यांच्यासाठी संघ काढला, लाकडी बाकांचे मैदान बांधले आणि त्याला शोभेल असा खांब कारखान्याकडून मागवला. मी तयार झाल्यावर मुकादमाने माझ्यावर घणाचा एक ठोका दिला, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाला, "हा काही वाकत नाही. याला जो धडकेल तो वाकेल." सगळे हसले. मला फार अभिमान वाटला.

विंकलर साहेबांना झेंडा सगळ्या बाकांवरून दिसायला हवा होता. म्हणून मधल्या बाजूला, कुंपणाच्या दहा पावले आत माझ्यासाठी खड्डा खणला गेला. फलंदाज उभा राहतो तिथून ही जागा चारशे तीस फूट लांब. "इथवर चेंडू मारणारा माणूस अजून जन्माला यायचाय," असे साहेब म्हणाले. पंचांनीही नियम करून टाकला, की चेंडू खांबाला लागला तरी खेळ चालूच राहील.

पहिली बारा वर्षे संघ हरतच होता. मग १९२३ साली हॅमर्सनी सात सामन्यांची अंतिम मालिका जिंकली. त्या दिवशी कारखान्याचा भोंगा अर्धा तास वाजत राहिला. पुढच्या वसंतात, नव्या हंगामाच्या पहिल्या दिवशी, माझ्यावर पहिला विजेतेपदाचा झेंडा चढला. लाल कापड, त्यावर पांढरा हातोडा आणि खाली शहराचे नाव. म्हाताऱ्या बायका रुमालाने डोळे पुसत होत्या. त्यांच्यापैकी कितीजणींना खेळातले काही कळत होते, देव जाणे. पण झेंड्यावर त्यांच्या शहराचे नाव होते आणि तेवढे त्यांना वाचता येत होते.

दुसरा झेंडा १९३६ चा. ते पुराचे वर्ष. मार्च महिन्यात नदी मैदानात शिरली आणि माझ्या अंगावर सात फुटांपर्यंत चढली. बाके वाहून गेली. निम्मे शहर चर्चच्या तळघरांत आणि शाळांत राहायला गेले. खेळाडूंनी स्वतः फावडी घेऊन मैदानातला गाळ उपसला. त्या वर्षी आमचा संघ जिंकेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते, पण ऑक्टोबरमध्ये तो जिंकला. ज्यांची घरे गेली होती ती माणसे त्या रात्री रस्त्यावर नाचली.

मित्रांनो, खांबाला आवडती माणसे असू नयेत. पण मला होती. एक होता डेल्मर प्रुइट. केंटकीच्या डोंगरांतून आलेला हा माणूस मैदानाची निगा राखत असे. गवत कापणे, रेषा आखणे, माती सपाट करणे हे त्याचे काम. तो सतत कुरकुरत असे आणि कोणाचेच ऐकत नसे. दुसरा होता कॅझिमिर व्रोबेल. त्याला सगळे कॅझ म्हणत.

कॅझ इथलाच. त्याचा बाप पोलाद कारखान्याच्या पत्रे लाटण्याच्या विभागात होता आणि कॅझही तिथेच लागला होता. व्रोबेल म्हणजे त्यांच्या पोलिश भाषेत चिमणी. कारखान्याच्या संघात खेळताना विंकलर साहेबांनी त्याला पाहिले आणि १९४९ साली हॅमर्समध्ये घेतले. तो मधल्या बाजूला, माझ्याच पुढ्यात उभा राही. अंगाने किडकिडीत, कान मोठे. पण धावायला लागला की बाकांवरचे लोक खाणे थांबवून बघत. दर डावाच्या सुरुवातीला तो माझ्यापर्यंत येई, तळहाताने मला एक चापट मारी आणि म्हणे, "काय म्हाताऱ्या, बघतोयस ना?"

मी बघत होतो. सहा वर्षे मी त्याच्याखेरीज दुसरे काही पाहिले नाही.

त्याची बायको लोरेट्टा डाव्या बाजूच्या स्वस्त बाकांवर बसे. ती इस्पितळाच्या धुलाईघरात काम करत असे. कामावरून थेट आलेली असे, त्यामुळे तिच्या अंगाला साबणाचा वास येतो असे कॅझ चिडवायचा. घरून ती कोबीचे सारण भरलेली पिरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, डब्यात आणत असे. सामना संपला की दोघे माझ्या पायथ्याशी बसून खात.

"आज किती चेंडू सोडलेस?" ती विचारी.

"एकही नाही."

"मग थोबाड असं का?"

"एक पकडताना पँट फाटली."

"शिवून घे आईकडून. मी दिवसभर दुसऱ्यांचीच धुणी धुते."

अशी ती बोलणी. मला ती तोंडपाठ आहेत.

१९५४ च्या जुलैत पाहुण्या संघाचा एक खेळाडू चेंडूमागे धावताना माझ्या अगदी जवळून गेला आणि त्याचा खांदा मला घासला. फार लागले नाही. पण डेल्मरने ते पाहिले होते. दुसऱ्या दिवशी विंकलर साहेब मैदानात फेरी मारायला आले तेव्हा तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, हा खांब कुंपणाबाहेर घ्या. चेंडू आता इथवर येतात. हल्लीची पोरं मारतात लांब."

"त्रेचाळीस वर्षांत कुणाला लागलाय का, डेल्मर?"

"लागायची वाट बघायची आहे का?"

साहेब चांगले होते, मित्रांनो. वाईट माणूस म्हणता येईल असे त्यांच्यात काही नव्हते. ते हसले, त्यांनी डेल्मरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हंगाम संपू दे. मग बघू."

डेल्मर पुटपुटत गेला आणि संध्याकाळी घरून कापसाची गादी घेऊन आला. ती त्याने माझ्याभोवती गुंडाळली आणि दोरीने करकचून बांधली. कॅझने ते पाहून शीळ घातली.

"डेल्मर, तुझी बायको आता कशावर झोपते?"

"माझ्या डोक्यावर बसते. तू चेंडूकडे बघ."

तीन महिने ती गादी माझ्या अंगावर होती. पावसाने ती भिजली, उन्हाने वाळली, एका कोपऱ्यातून कापूस बाहेर आला. मला ती आवडत असे.

त्या वर्षी हॅमर्स अंतिम मालिकेत पोचले. तीन सामने त्यांनी जिंकले, तीन समोरच्यांनी. सातवा सामना ऑर्डवेत होता. देशभरातून छायाचित्रकार येणार होते. सामन्याच्या सकाळी विंकलर साहेब पाहुण्यांना घेऊन मैदानावर आले आणि त्यांची नजर माझ्यावर गेली.

"हे काय आहे? मैदान आहे की दवाखाना? उद्या सगळ्या वर्तमानपत्रांत ही फाटकी गादी दिसेल. काढून टाक."

"आजचा दिवस राहू द्या, साहेब."

"आजचाच दिवस नको आहे. काढ, डेल्मर."

डेल्मरने काढली. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, त्यामुळे त्याला चाकू लावावा लागला. पाहुणे निघून गेल्यावर तो माझ्याजवळ थोडा वेळ थांबला, मग गादी खांद्यावर टाकून गेला.

दुपार स्वच्छ होती. आठ डाव संपले तेव्हा हॅमर्सच्या तीन धावा, समोरच्यांच्या दोन. नवव्या, शेवटच्या डावात समोरच्यांचे दोन गडी बाद झाले आणि दोघे धावेच्या वाटेत टप्प्यांवर उभे होते. तिसरा बाद झाला की सामना आमचा. पण चेंडू जमिनीवर पडला तर दोघांच्याही धावा पुऱ्या होणार आणि सामना हातचा जाणार. त्यांचा एक दांडगा फलंदाज पुढे आला. दुसऱ्याच चेंडूला त्याने बॅट फिरवली आणि तो आवाज माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच कॅझ वळून धावू लागला होता.

तो माझ्याकडे धावत येत होता. चेंडू त्याच्या डोक्यावरून येत होता, तोही माझ्याकडेच. बावीस हजार माणसे उभी राहिली. मी त्याला जवळजवळ येताना पाहत होतो. मी ओरडू शकत नव्हतो. बाजूला होऊ शकत नव्हतो. त्याने शेवटच्या क्षणी मान वर केली, हात लांब केला, चेंडू हातमोज्यात बसला आणि तो मला धडकला.

मी वाकलो नाही. माझ्यावर ओरखडासुद्धा उठला नाही. वर झेंड्याची दोरी तेवढी दोनदा खणखणली.

तो गवतात पडला. पंच धावत आले, त्यांनी हातमोजा उघडून पाहिला. चेंडू आत होता. पंचांनी हात वर केला आणि सगळे शहर मैदानात उतरले. ते नाचत होते, टोप्या उडवत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. कॅझ उठला नाही हे पहिल्यांदा डेल्मरच्या लक्षात आले. तो गर्दीला कोपराने ढकलत, शिव्या देत येत होता. त्याच्या मागून लोरेट्टा येत होती. तिच्या पायातला एक बूट कुठेतरी निसटला होता.

"कॅझ," ती म्हणाली. "कॅझ, इकडे बघ. माझ्याकडे बघ."

त्याने डोळे उघडले. त्यातला एकच तिच्याकडे वळला.

डावा डोळा गेला. खुबा तीन ठिकाणी मोडला. कॅझ तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. तो पुन्हा कधी खेळला नाही.

पुढच्या वसंतात तिसरा झेंडा चढला. कुबडी बगलेत धरून कॅझने दोरी ओढली. लोकांनी इतका जल्लोष केला की बाके हलली. त्या हंगामात माझ्याभोवती जाड रबराचे आवरण घातले गेले, अगदी दहा फूट उंचीपर्यंत. त्यानंतर चौदा वर्षांत एकही खेळाडू मला धडकला नाही. ते आवरण मी कशासाठी अंगावर वागवले?

शहराने त्याला काय दिले, असे तुम्ही विचाराल. सुरुवातीला पुष्कळ दिले. मेजवान्या दिल्या, एका गल्लीला त्याचे नाव दिले. कारखान्याने म्हटले की तुला कायमचे काम आहे. पण एका डोळ्याच्या आणि लंगड्या माणसाला पत्रे लाटायला उभे करता येत नाही हे दोन महिन्यांत सगळ्यांच्या लक्षात आले. शेवटी डेल्मरने त्याला आपल्या हाताखाली घेतले. ज्या गवतावरून तो धावला होता ते गवत तो आता यंत्र ढकलत कापू लागला. माझ्यापर्यंत आला की थांबे, पण चापट मारत नसे.

डेल्मर बदलला. त्याची कुरकुर बंद झाली. एकदा रेषा आखण्याचा चुना कालवता कालवता तो एकदम म्हणाला, "मी नाही म्हणायला हवं होतं, पोरा. काढलं असतं मला, दुसरं काय?"

"सोड ना, डेल्मर. मला खांब दिसलाच नाही. गादी असती तरी हेच झालं असतं."

"गादी असती तर डोळा राहिला असता."

कॅझने चुन्याची बादली आपल्याकडे ओढली. डेल्मर १९६६ साली गेला. मरेपर्यंत तो दर ऑक्टोबरात माझ्याजवळ येऊन टोपी काढून उभा राही आणि मला ते सहन होत नसे.

संघ तर त्या विजयानंतर घसरतच गेला. सहावा, सातवा, शेवटचा. भट्ट्या एकेक करून थंड झाल्या. तरणी माणसे शहर सोडून जाऊ लागली आणि रविवारी बाकांवर इतकी थोडी माणसे असत, की कोणी खोकले तरी मला ऐकू येई. विंकलर साहेब वारले. त्यांचा मुलगा गेराल्ड याने संघ दक्षिणेतल्या एका उबदार शहराच्या लोकांना विकला. ऑर्डवेत त्या शहराचे नाव कोणी घेत नसे. सगळे नुसते "ते तिकडे" म्हणत.

१९६९ च्या सप्टेंबरात शेवटचा सामना झाला. हॅमर्स हरले. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या मालकांचा माणूस खोकी घेऊन आला. त्याचे नाव ड्रेक. नीटनेटका, मऊ बोलणारा. चषक, छायाचित्रे, जुने पोशाख सगळे भरून झाल्यावर तो माझ्याकडे आला. हंगामाच्या शेवटी तिन्ही झेंडे माझ्यावर फडकत ठेवायची पद्धत होती. कॅझ आणि लोरेट्टा आधीच येऊन उभे होते.

"दोरीला हात लावू नका," कॅझ म्हणाला. "झेंडे मी उतरवीन."

त्याने एकेक झेंडा खाली घेतला आणि लोरेट्टाने घडी घातली. तिसरा तिने खोक्यात ठेवला नाही. छातीशी धरून ठेवला.

"हा आम्हाला राहू द्या."

"बाई, मला समजतं. खरंच समजतं. पण विजेतेपदं संघाच्या नावावर असतात. संघ जिथे जातो तिथे ती जातात."

"यावर शहराचं नाव आहे. वाचा. ऑर्डवे लिहिलंय."

"हो. पण ते शहराचं नाही, संघाचं आहे."

"माझ्या नवऱ्याचा डोळा आहे यात. तो कुणाचा? तोही नेताय का?"

ड्रेक खाली बघू लागला. त्याला वाईट वाटत होते हे दिसत होते, आणि त्याने काही फरक पडणार नव्हता हेही. शेवटी कॅझच म्हणाला, "दे, लोरेट्टा. तो बिचारा पगारी माणूस आहे." त्याने तिच्या हातातून झेंडा काढून घेतला आणि स्वतः खोक्यात ठेवला. खोके बंद झाले. गाडी निघून गेल्यावर दोघे बराच वेळ माझ्या सावलीत उभे राहिले. मग सावली सरकली आणि तेही गेले.

त्यानंतर बाके पाडली. मैदानाच्या अर्ध्या भागावर डांबर घालून मालमोटारी उभ्या करायची जागा केली. माझ्यावरचे रबर कोणीतरी कापून नेले. मला पाडायला यंत्र आणावे लागले असते, त्या खटाटोपात कोणी पडले नाही. माझा रंग गेला, गंज आला. बेवारस कुत्रे तेवढे माझ्याजवळ येत.

दहा वर्षांनी, १९७९ च्या उन्हाळ्यात, एका दुपारी कॅझ पुन्हा आला. लोरेट्टाने त्याला दंडाला धरले होते. तो फार थकलेला दिसत होता. डांबराच्या कडेवर बसून त्याने खिशातून एक पत्र काढले आणि तिच्याकडे दिले.

"वाच. मोठ्याने वाच."

"घरी दोनदा वाचलंय."

"इथे वाच."

तिने वाचले. "आपल्या शहराच्या १९५४ च्या अभिमानास्पद विजेतेपदाला पंचवीस वर्षे पूर्ण होत असल्यानिमित्त..." ती थांबली. "आपल्या शहराच्या म्हणे. तेव्हा तिकडे कुणाला बॅट कशी धरतात हे तरी माहीत होतं का?"

"पुढे वाच."

पुढे लिहिले होते, की १९५४ चा झेंडा नव्याने शिवला आहे. त्यावर आता त्यांच्या शहराचे नाव आहे. तो फडकवण्यासाठी त्या ऐतिहासिक झेलाचे मानकरी श्री. कार्ल व्रोबेल यांनी सपत्नीक यावे.

"कार्ल," लोरेट्टा म्हणाली. "नावसुद्धा धड नाही. फाड ते."

कॅझने पत्र फाडले नाही. तो उठला, लंगडत माझ्याजवळ आला आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्यावर हात ठेवला.

"हा मला दिसला होता," तो म्हणाला.

"काय?"

"खांब. मला दिसला होता, लोरेट्टा. मान वर करायच्या आधी मी बघितलं होतं. अजून दोन पावलं होती. थांबता आलं असतं. चेंडू पडला असता, आपण हरलो असतो. बस्स, एवढंच झालं असतं. पुढच्या वर्षी मी पुन्हा खेळलो असतो. अजून दहा वर्षं खेळलो असतो."

लोरेट्टा उभी राहिली. "तू सगळ्यांना सांगितलंस दिसला नाही. डॉक्टरांना, पेपरवाल्यांना. मला."

"हो."

"डेल्मरला."

त्याने माझ्यावरचा हात काढला.

"डेल्मर बारा वर्षं स्वतःला खात होता, कॅझ. शेवटी इस्पितळात मीच त्याच्या चादरी धूत होते. बेशुद्धीतसुद्धा गादी गादी करत होता तो. त्याला तरी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, मूर्खा, मग थांबला का नाहीस? मी काय सांगणार होतो? अख्खं शहर ओरडत होतं म्हणून? मला वाटलं, हे आपल्याला एकदा मिळालं की कायमचं मिळालं. कुणी घेऊन जाईल असं डोक्यातच आलं नाही."

लोरेट्टा रडली नाही. तिने पत्राची घडी घातली आणि आपल्या पिशवीत ठेवली. "चल घरी," एवढेच ती म्हणाली. जाताना तिने त्याचा दंड धरला नव्हता. रस्त्यापाशी तो अडखळला, तेव्हा मात्र धरला.

मित्रांनो, मला जर जीभ असती तर मी त्याला काय म्हणालो असतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला काही सुचलेले नाही.

चार वर्षांनी, जानेवारीतल्या एका दुपारी, कॅझ आपल्या इमारतीच्या जिन्यात पडला. खुब्याने दगा दिला. लोरेट्टा कामावर होती. शेजारची दारे बंद होती आणि आत दूरदर्शन संच मोठ्याने चालू होते. ती परतेपर्यंत चार तास तो दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये पडून होता. त्याच आठवड्यात तो गेला. हे मला मालमोटारींच्या चालकांच्या बोलण्यातून कळले.

आणि मग शहराला त्याची आठवण झाली. अंत्ययात्रेला हजारो लोक आले म्हणे. वर्तमानपत्रात झेलाचे ते छायाचित्र पुन्हा छापून आले. त्यात मी किती झळझळीत दिसतो! नगरपालिकेने समिती नेमली. खांबाचे स्मारक करायचे ठरले. समितीची सभा इथेच, माझ्या पायथ्याशी, घडीच्या खुर्च्या मांडून झाली. अध्यक्ष हॅलरन नावाचे एक उमदे गृहस्थ होते. ते म्हणाले, "झेंडे नेले, चषक नेले, पण हा खांब आपला आहे. तो कुणी नेऊ शकत नाही."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून लोरेट्टा उठली.

"हा कापून टाका," ती म्हणाली.

सगळे वळून बघू लागले.

"माझा नवरा ज्याला आपटून मोडला तो खांब तुम्ही रंगवणार? काही करायचंच होतं तर त्याच्या जिन्याला कठडा लावायचा होता. तीन वेळा अर्ज दिला होता मी घरमालकाकडे. तुमच्यापैकी किती जण आमच्या गल्लीत राहतात? त्याच्याच नावाच्या गल्लीत? एकाने तरी कधी त्याला वर पोचवलं?"

हॅलरन यांनी तिचे आभार मानले, तिच्या दुःखात शहर सहभागी आहे असे सांगितले. मग मत घेतले. मला ठेवायचे ठरले. हात न उचललेली ती एकटीच होती. नाही, मीही होतो, पण मला हात नाहीत.

त्यांनी माझा गंज खरवडला आणि मला चकचकीत पांढरा रंग दिला. भोवती साखळी लावली. पितळेची पाटी बसवली. तिच्यावर तिन्ही विजेतेपदांची साले आहेत आणि झेलाची हकीकत चार ओळींत आहे. डेल्मरचे नाव नाही. गादीचा उल्लेख नाही. दर ऑक्टोबरात तुमच्या शाळेची पिवळी बस इथे येते. तुम्ही रांगेत उभे राहता, शिक्षिका पाटी वाचून दाखवतात, आणि तुमच्यातला कोणीतरी साखळीवरून वाकून मला हात लावतो, नशीब उजळते म्हणून.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने खांब जपा, असे मी सांगावे अशी तुमची अपेक्षा असेल. मी तसे सांगणार नाही. मला हात लावून कोणाचे नशीब उजळल्याचे मी पाहिलेले नाही. इथून दोन चौक पुढे व्रोबेल गल्ली आहे. तिथे तिसऱ्या मजल्यावर सत्तरी ओलांडलेली एक बाई एकटी राहते. शुक्रवारी दुपारी ती बाजार करून परतते, दोन्ही हातांत पिशव्या असतात, आणि त्या जिन्याला अजून कठडा नाही. तुमची बस साधारण त्याच वेळी त्या गल्लीवरून जाते. एकदा थांबायला सांगा. उतरा, तिच्या हातातली एक पिशवी घ्या आणि तिच्या मागून हळू चढा.

पण माझे बोलणे तुम्हाला ऐकू येत नाही. शिक्षिका टाळी वाजवतात, तुम्ही धावत बसमध्ये जाऊन बसता, आणि बस त्या गल्लीवरून न थांबता निघून जाते.